माश्यांच्या वाट्याची साखर

समस्त सोलापूरकरांना, त्यांच्या पाहुण्यारावळ्यांना, तसेच उसाच्या ट्रॉलीमागे अडकून हॉर्न वाजवत बसलेल्या सर्व वाहनचालकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आज तिन्हीसांजेला होटगी मुक्कामी आमच्या अक्काने साखरेच्या डब्याचे कुलूप काढले आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. साखर माणसांसाठी नाही.

ही बातमी मला फोनवरून कळली. फोनवर अक्का कधी ‘हॅलो’ म्हणत नाही, थेट कामाला हात घालते. "बाळू, डब्याच्या तळाशी उरलीय नुसती. येताना साखर आण. आन् दाजीस्नी सांगू नको." मागून दाजींचा आवाज आला, "मला काय सांगू नको म्हणतीस?" अक्का म्हणाली, "काय न्हाय, तुमी गाड्या मोजा." फोन बंद. मी दुकानाचं शटर ओढता ओढता एकटाच हसलो. कोजागरी सरून गेली, दिवाळी उंबऱ्याशी आली आणि अक्कानं साखर मागवली. म्हणजे आता हिवाळा येणार, हे नक्की.

सोलापुरात हिवाळा येतो म्हणजे नेमकं काय होतं, हे बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. आमच्याकडं थंडी पडत नाही, ऊन जरा नमतं घेतं, एवढंच. सकाळी सकाळी कानाला मफलर गुंडाळून स्कूटरवर निघालेली माणसं दिसतात, ती गारठली म्हणून नव्हे. पेटीतला मफलर वर्षातून एकदाच बाहेर काढायला मिळतो, ती संधी कोण सोडणार? रानात ज्वारी गुडघ्याला लागलेली असते. कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि वारा फिरला की मळीचा तो आंबूस-गोड वास थेट शहरात घुसतो. नवख्या माणसाला तो नकोसा होतो, आम्हाला त्या वासानं चहाची तल्लफ येते. रस्त्यावर उसाची कांडकी सांडलेली, त्यांच्यावर बकऱ्या तुटून पडलेल्या, रसाच्या गाड्यांवर माश्यांचं घोंगावणं. अख्खा जिल्हा गोड झालेला असतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत दाजींच्या पेटीतल्या मधमाश्या उपाशी असतात.

हे मला फार दिवस खरं वाटत नव्हतं. साखरेच्या मुलखात माशी उपाशी कशी राहील? पण माशीला ट्रॉली लागत नाही, फूल लागतं. पावसाळ्याची फुलं गेलेली, करडई अजून जमिनीलगत काटे परजत बसलेली, ज्वारी पोटरीत यायची आहे. मधल्या दिवसांत भिस्त फक्त तुरीवर. तूर फुलली तर रान पिवळं होतं आणि पेटी गुणगुणते. पण मी सांगतोय त्या वर्षी परतीचा पाऊस पाहुण्यासारखा आला आणि जावयासारखा राहिला. तुरीचा सगळा फुलोरा झडून चिखलात गेला. बांधावर उभं राहिलं की पिवळ्या पाकळ्यांचा चिखल दिसायचा आणि फांद्या अशा उघड्या, जणू कुणीतरी हळदीच्या मांडवाची तोरणं कार्य व्हायच्या आधीच उतरवून नेली.

तो हिवाळा दरवर्षी या दिवसांत माझ्याकडं परत येतो. त्याचं मी मनापासून स्वागत करतो, कारण इतकं हसणं आणि इतकी धाकधूक एकाच ताटात मला पुन्हा कुणी वाढलेली नाही.

आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, होटगी जंक्शनात पॉइंट्समन होते. जन्मभर त्यांनी रूळ जोडले, झेंडे दाखवले, गाड्या पुढं धाडल्या. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, नाहीतर शेजाऱ्यांच्या भांडणात पडतात. दाजींनी मधमाश्यांच्या दोन पेट्या आणल्या. स्टेशनच्या पलीकडं त्यांचं थोडं रान आहे, त्याच्या कडेला घर. पेट्या घराच्या मागच्या अंगाला, शेवग्याखाली ठेवल्या. चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. समोर बाजलं टाकून दाजी दिवसभर येणारी-जाणारी वाहतूक बघत बसायचे. "ही अप," ते म्हणायचे. "ही डाऊन. ही बघा मेव्हणं, मालगाडी, पायाला पराग लावून आली." एखादी माशी दाराशी घुटमळली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "सिग्नल मिळंना व्हय गं तुला?"

त्यातली एक पेटी पावसाळ्यातच रिकामी झाली. माश्या एका सकाळी उठल्या आणि निघून गेल्या, कुठं ते सांगितलं नाही. दाजी दोन वेळा जेवले नाहीत. उरली एक पेटी.

आणि त्याच सुमाराला पुण्याचा प्रश्न निघाला. त्यांचा मुलगा महेश पुण्यात नोकरीला. सालस पोरगा, त्याची बायको ऋतुजा त्याहून सालस. दाजींना शुगर निघालेली, डॉक्टर शहरात, रात्री-अपरात्री काही झालं तर होटगीत कोण आहे, असं त्याचं म्हणणं. म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यानं अकराव्या मजल्यावरच्या आपल्या घरात वेगळी खोली सजवली होती, खिडकीला अक्काच्या आवडत्या रंगाचे पडदे लावले होते, दाजींसाठी इमारतीच्या बागेत ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आधीच बघून ठेवला होता. रोज व्हिडिओ कॉल. त्यात नात दिसायची, पडदे दिसायचे आणि महेश म्हणायचा, "आई, फक्त हो म्हण." अक्का नुसती हसायची. ते हसणं आम्ही सगळ्यांनी होकार समजून घेतलं. नातीसाठी तिनं वाकळ शिवायला घेतली होती, लोणच्याच्या बरण्या वेगळ्या काढल्या होत्या. आणखी काय पुरावा पाहिजे?

दाजींना मात्र जायचं नव्हतं. पण पोराला नाही म्हणायची त्यांची प्राज्ञा नव्हती. म्हणून त्यांनी रेल्वेतल्या माणसासारखं केलं, निर्णय सिग्नलवर सोडला. एका संध्याकाळी फोनवर महेशला म्हणाले, "येळवशीला तू येतोसच. त्या दिशी पेटी उघडू. माश्या जगल्या असल्या तर आमी हितंच. मेल्या असल्या तर संक्रांत करून तुझ्याकडं."

महेश चटकन म्हणाला, "ठरलं."

फोन ठेवल्यावर दाजी बराच वेळ पेटीकडं बघत बसले. मला त्यांचा चेहरा आठवतो. मोठ्या धीरानं पैज लावून बसलेला, पण आपल्याच हातातले पत्ते बघून घाबरलेला माणूस दिसतो, तसा. येळवस, म्हणजे आमच्याकडचा रानात जेवायचा सण, मार्गशीर्षाच्या अवसेला. मधले दिवस माश्यांनी काय खायचं?

आता इथं एक हृद्य प्रसंग सांगणं भाग आहे. दाजींनी मधमाश्या पाळण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. प्रमाणपत्र भिंतीवर आहे, कुंकू लावलेलं. त्या प्रशिक्षणात माश्यांना खायला काय द्यावं यावर एक आख्खा तास होता. पण तो तास दुपारच्या जेवणानंतर ठेवलेला आणि जेवणात श्रीखंड. तेव्हा शुगर निघाली नव्हती. माश्यांच्या जेवणाचा तास दाजींच्या जेवणानं गिळला. त्यांना आठवत होतं ते एवढंच, की पंखा छान होता.

मग मागच्या अंगणात परिषद भरली. अक्का, दाजी, मी, आणि कुंपणापलीकडून शमीमभाभी. भाभी म्हणजे शेजार. टॉवेलांच्या कडा शिवायचं काम घरी आणतात, मशीन चालवता चालवता आमच्या घरातली प्रत्येक चर्चा ऐकतात आणि मशीन थांबवून मत देतात. विषय एकच: हिवाळ्याआधी माश्यांना खायला काय घालावं.

मी म्हणालो, शेंगांचा कूट. सोलापूरच्या माशीला शेंगांचं वावडं असूच शकत नाही. भाभी म्हणाल्या, "दूध में खजूर डाल के देव. ताकद आती. हमारे इनको वहीच देते रमजान में." महेशनं पुण्याहून कळवलं की व्यायामशाळेतली पोरं घेतात ती पावडर तो कुरिअर करू शकेल. दाजींनी चाचरत श्रीखंड सुचवलं आणि अक्काकडं बघून शब्द मागं घेतला.

मला तेव्हा हसू आलं होतं, पण नंतर विचार करताना वाटलं, दुसऱ्याला काय खायला घालावं असं विचारलं की माणूस आधी स्वतःच्या जिभेला विचारतो. आपल्याला जे गोड लागतं ते सगळ्या जिवांना गोड लागणार, याबद्दल आपल्याला तिळमात्र शंका नसते. माया करतानाच माणूस सर्वात कमी चौकशी करतो.

अक्कानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "उन्हातानातनं दारात आलेल्याला आपण काय देतो? गूळ-पाणी. सात पिढ्या देतोय. ह्या बी दारातच आल्यात की." शिवाय दाजींना शुगर निघाल्यापासून त्या घरात साखर औषधालाही नव्हती, गूळ मात्र पाहुण्यांसाठी फडताळात वर ठेवलेला. शिवाय गूळ पौष्टिक, साखर वाईट, हे टीव्हीवर रोज सांगतात. कुणाला काही खोट दिसली नाही. अक्कानं ढेपेचा चांगला काळाभोर तुकडा फोडला, पाण्यात विरघळवला, फडक्यानं गाळला. त्या वासानं माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. ताटलीत ज्वारीच्या धाटाचे तुकडे टाकले, माश्यांना बसायला ठाव मिळावा म्हणून, आणि दाजींनी ताटली अशी हलक्या हातानं पेटीत सरकवली, जणू बाळंतिणीच्या खोलीत जेवण नेतायत.

माश्यांनी आग्रहाचा मान ठेवला. ताटली चाटून पुसून साफ. दुसऱ्या दिवशी पुन्हा. अक्का खूश. "बघा, कशा खात्यात बिचाऱ्या. कवाच्या उपाशी हुत्या."

आणि मग एका सकाळी शमीमभाभी कुंपणापाशी आल्या, हातात पांढरी चादर झेंड्यासारखी धरून. चादरीवर पिवळे-तपकिरी ठिपके. या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी मोकळ्या हातानं शिंपडलेले.

"क्या अक्का," भाभी म्हणाल्या, "तुमारे माश्यां मेरे चद्दर कू हल्दी लगा के गये. किसकी शादी है?"

आम्ही पेटीकडं धावलो. पेटीच्या तोंडाशी तसेच ठिपके, लाकडावर ओघळ. दाजींच्या वाळत घातलेल्या धोतरावर ठिपके. काही माश्या फळीवर पोट फुगवून रांगत होत्या, काही खाली मातीत पडलेल्या. दाजी उकिडवे बसले आणि एक माशी तळहातावर घेऊन बघत राहिले. ती चालायचा प्रयत्न करत होती. सकाळची कुठली तरी गाडी जंक्शनात शिट्टी देत शिरली, आणि पहिल्यांदाच दाजींनी ती कुठली ते सांगितलं नाही.

प्रशिक्षणात त्यांच्या शेजारी मंगळवेढ्याच्या एक बाई बसायच्या. त्यांचा नंबर दाजींकडं होता. फोन लावला, आम्ही सगळे कान देऊन. सगळं ऐकल्यावर पलीकडून हसण्याचा आवाज आला. "दादा, त्या तासाला तुमी घोरत हुता की. मला लिवून घ्यायला ऐकू येईना." मग त्यांनी शांतपणे सांगितलं. गूळ नको. गुळातला मळ माशीच्या पोटाला सोसत नाही, हगवण लागते. दुकानातला मध नको, कुठल्या पेटीतला रोग त्यातून येईल सांगता येत नाही. साधी पांढरी साखर, दोन वाट्यांना एक वाटी पाणी, विरघळेपर्यंत गरम करायचं, करपू द्यायचं नाही, पूर्ण गार करायचं. द्यायचं ते दिवस मावळताना, नाहीतर रानातल्या दुसऱ्या माश्या वास काढत लुटायला येतात. शिळं झालं, आंबलं, तर ओतून टाकायचं. आणि फुलं नसतील तोवर भाजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, मऊ मळून, चौकटींच्या वर ठेवायचं. "आन् दादा," त्या म्हणाल्या, "आता जागं राहा."

फोन बंद झाला. आणि दाजी, जन्मात कुणाला टोचून न बोललेला माणूस, अक्काकडं न बघता म्हणाले, "तुला पुण्याला जायाचंच हुतं. सरळ सांगायचं की."

अक्काच्या हातातला गुळाचा कागद तसाच राहिला. तिनं ताटली उचलली, मोरीत नेली, राखेनं घासली, गरम पाण्यानं विसळली, परत घासली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून गमतीचं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. माझी जीभ एरवी अशा वेळी मला सोडून जात नाही, त्या दिवशी गेली. कारण मलाही क्षणभर तोच संशय येऊन गेला होता. ज्याच्या हातात पळी, तोच विरुद्ध पक्षाचा. भाभींनी सुद्धा मशीन थांबवली होती, पण मत दिलं नाही.

मग अक्का माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "बाळू, जा. साखर घेऊन ये."

त्या घरात किती तरी महिन्यांनी साखर आली. स्कूटरवर माझ्या पायापाशी पिशवी, पिशवीवर वर्तमानपत्र, जणू मी काही चोरून आणतोय. अक्कानं ती पितळी डब्यात ओतली, डब्याला कडी होती, कडीला कुलूप घातलं आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधून पदर खोचला. दाजी लांबून बघत होते. आपल्याच घरात आपल्याला सोडून सगळ्या कुटुंबाला गोड मिळणार, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

तिथून पुढचे दिवस म्हणजे संध्याकाळचा एक नित्याचा प्रयोग. मी दुकान लवकर बंद करून होटगीला पळायचो. बायको म्हणायची, तुम्ही माश्यांसाठी जाता की अक्काच्या हातच्या भाकरीसाठी? मी म्हणायचो, दोघींसाठी. सूर्य जंक्शनच्या मालडब्यांमागं उतरायचा, रुळांवर तांबूस उजेड पसरायचा, ज्वारीच्या पात्यांची सळसळ सुरू व्हायची. अक्का चुलीशी. पातेल्यात साखर विरघळताना पाणी आधी गढूळ होतं आणि मग एकदम असं नितळ होतं की पातेल्याचा तळ दिसावा. तो क्षण आला की ती पातेलं उतरवायची आणि पदरानं वारा घालत गार करत बसायची. माणसांच्या चहाला कधी इतका वेळ मिळाला नसेल.

दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. म्हणजे बोलत होती, पण माझ्यामार्फत. "बाळू, त्यांना सांग, गार झालंय." दाजी समोरच उभे. "मेव्हणं, तिला सांगा, ऐकलं." मी हे निरोप पूर्ण गांभीर्यानं, मान लववून, या कानापासून त्या कानापर्यंत पोचवत होतो. मधूनच एखादा शब्द माझ्या पदरचा घालत होतो. दाजी म्हणायचे, "सांगा, ताटली जरा मोठी असती तर बरं." मी सांगायचो, "अक्का, दाजी म्हणतात, आजचा पाक झकास जमलाय." अक्का म्हणायची, "त्यांना काय ठाऊक, चाखला व्हय?" आणि इथं एक वळण आलं.

दाजी अलीकडं फार कष्टाळू झाले होते. पाकाचं पातेलं मीच नेतो, ताटली मीच भरतो, तू कशाला उठतेस. अक्काला हा उत्साह पहिल्यापासून खटकत होता. पण पुरावा नव्हता. तो एका संध्याकाळी आपल्या पायांनी, म्हणजे पंखांनी, चालत आला. दाजी ताटली ठेवून परत आले, बाजल्यावर बसले, आणि रानातून उशिरा परतणारी एक माशी सरळ त्यांच्या दिशेनं आली. घिरटी घेतली. आणि त्यांच्या मिशीवर उतरली. हलेना. डाव्या बाजूनं उजव्या बाजूला निवांत चालत गेली, थांबली, सोंड खाली घातली.

दाजी पुतळा झाले. डोळे फक्त फिरत होते.

अक्का कंबरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "लई गोड हाय का वं मिशी?"

"डाग..." दाजी ओठ न हलवता म्हणाले, "डाग हाय का बघत हुतो. करपला असंल तर माशीला बाधंल."

"आन् बाधला तर तुमाला बाधावा, माशीला न्हाय. व्हय?"

कुंपणापलीकडं मशीन थांबली होती. भाभींचं हसणं आधी दबकं आलं आणि मग आवरेना. मग मी. आणि मग मी पाहिलं, अक्का हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे गदगदत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माशी मिशीवरच होती. अक्कानं एक बोट पुढं केलं, माशीला हळूच बोटावर घेतलं आणि पेटीच्या तोंडाशी नेऊन सोडलं. परत येताना म्हणाली, सरळ दाजींना, मध्ये मी नसताना, "उद्या डॉक्टरकडं जाऊ. साखर बघून येऊ. आपली."

त्यानंतर माझी निरोप्याची नोकरी गेली. मला तिचं दुःख नाही.

डॉक्टरांनी दाजींना झापलं आणि गोळी वाढवली. तेव्हापासून पाक करायचा अक्कानं, न्यायचा मी आणि दाजींनी फक्त बघायचं, अशी वाटणी झाली. माश्यांचे ठिपके हळूहळू कमी झाले. भाभी रोज सकाळी चादर वाळत घालायच्या आणि दुपारी उतरवताना ओरडून अहवाल द्यायच्या. "आज साफ है, अक्का. एकच है, वो बी कबूतर का होयंगा." मी कधी कधी पेटीला कान लावायचो. आत भिंतीपलीकडं कुणी हलक्या आवाजात पारायण करतंय असं वाटायचं. दाजी विचारायचे, "गाडी चालूच हाय नव्हं?" मी म्हणायचो, "चालू." पण पेटी उघडून बघायची कुणाची हिंमत नव्हती. गारठ्यात सारखी उघडू नये, असं मंगळवेढ्याच्या बाईंनी सांगितलं होतं. ते कारण होतं, आणि खरं कारण वेगळं होतं.

मला त्या दिवसांबद्दल कुणाकुणाचे आभार मानावेत कळत नाही. ज्या पावसानं तूर झोडपली त्याचे तर मानता येत नाहीत, ज्यांचं नुकसान झालं ते मला मारतील. पण त्या पावसाशिवाय मी रोज होटगीला गेलो नसतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या हाताखाली बसून, चुलीच्या धगीला पाय शेकत, कडक भाकरीवर शेंगाचटणी आणि तेल घेऊन, तिच्या त्याच त्या गोष्टी ऐकल्या नसत्या. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कुणी "बाळू, लाकूड पुढं सरकव" म्हणावं, ही किती मोठी श्रीमंती आहे, ते मला त्या चुलीपाशी कळलं. मी ते कधी तिला बोलून दाखवलं नाही. लाकूड तेवढं पुढं सरकवलं.

मग येळवस आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या या कानडी सीमेकडच्या भागात मार्गशीर्षातल्या अवसेला चुली घरात पेटत असल्या तरी जेवण रानात असतं. उभ्या ज्वारीत कडब्याची खोप करायची, आत पांडव म्हणून दगड मांडायचे, त्यांना पुजायचं, आणि मग आंबील, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. जो येईल त्याला वाढायचं, ओळख विचारायची नाही. आंबील हातानं रानाला चौफेर शिंपडायची. जमीन पोटुशी आहे असं मानतात, तिचे डोहाळे पुरवायचे.

महेश, ऋतुजा आणि नात आदल्या दिवशी आले होते. भाभी आणि त्यांचे यजमान आले. ज्वारी निसवली होती, कणसांवर बारीक तुरे लोंबत होते आणि ऊन अंगावर घ्यावंसं वाटत होतं. खीर सगळ्यांना वाढून झाली, दाजींच्या वाटीत अक्कानं बोटभर घातली. जेवताना सगळे बोलत होते, पण प्रत्येकाचा एक डोळा शेवग्याकडं. शेवटी महेशच म्हणाला, "बाबा, बघायचं का आता?"

दाजी उठले. शेणकुटाचा थोडा धूर दिला. झाकण सैल केलं, पण उचलेनात. मग एकदम उचललं आणि मधली चौकट वर काढली.

उन्हात ती चौकट जड दिसली. दोन्ही बाजूंनी माश्या, एकमेकींच्या अंगावरून चालणाऱ्या, वाळवणासारख्या दाट पसरलेल्या. वरच्या पट्टीत पांढरट मेणानं बंद केलेली घरं, अक्काच्या पातेल्यातली साखर नीट झाकून ठेवलेली. खाली लहान घरांत पांढऱ्या अळ्या, वाटीत दूध सांडल्यासारख्या. आणि तेवढ्यात पायाला ज्वारीचा फिकट पराग लावलेली एक माशी कुणाचीही परवानगी न घेता महेशच्या कानाजवळून येऊन आत शिरली.

दाजी अप म्हणाले नाहीत, डाऊन म्हणाले नाहीत. चौकट परत ठेवली, झाकण लावलं, वरून एकदा हात फिरवला.

महेश हसला. खरं हसला, पण चेहरा उतरला होता. "म्हणजे तुम्ही येत नाही तर," तो म्हणाला. ऋतुजानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दाजींच्या चेहऱ्यावर मात्र आनंद टिकला नाही. पैज जिंकलेल्या माणसाला अचानक आठवावं की हरलेली माणसंही आपलीच आहेत, तसं त्यांचं झालं. ते अक्काकडं वळले. आंबिलीचं भांडं तिच्या काखेत होतं, शिंपडून ओला झालेला हात तसाच समोर धरलेला. दाजी हलक्या आवाजात म्हणाले, "तुझी हौस राहिली गं. नातीजवळ ऱ्हायाची. मी माझंच बघितलं."

भाभींनी नजर खाली घातली. अक्कानं एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा सुनेकडं, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून एका दमात निघून गेलं, "हौस कसली वं? सुटले की मी. तितं अकराव्या मजल्यावर रातभर वाटतंय, झोपंत कूस बदलली तर थेट खाली पडीन."